ऊन पाण्याच्या झऱ्याची नोंद कशी घ्यावी: कोकणातल्या कुंडांसाठी टप्प्याटप्प्याने

"कुंडातून ज्वालामुखीची वाफ बाहेर पडते, पाणी सतत उकळत असते आणि त्याचे तापमान ४८ अंश सेल्सिअस आहे." हे वाक्य थोड्याफार फरकाने कॉलेजच्या प्रकल्पवह्यांत, स्मरणिकांत आणि पर्यटनाच्या माहितीत सारखं सापडतं. त्यातले तिन्ही दावे एकमेकांशी भांडतात, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ४८ अंशांना पाणी उकळत नाही. कोकणात जिवंत ज्वालामुखीही नाही. आणि तो ४८ चा आकडा बहुतेक वेळा झऱ्याचा नसतोच, अंघोळीच्या हौदाचा असतो.

चुका उपकरणांमुळे कमी होतात, क्रमामुळे जास्त. आल्या आल्या फनेल घालून बुडबुडे पकडायचे, गाळ ढवळायचा, त्याच पाण्याची बाटली भरायची आणि घरी येऊन चार दिवसांनी पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, याचं माप) मोजायचा, असा प्रकार चालतो. खालचा क्रम भूगोल-भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि आपल्या गावच्या कुंडाची दरवर्षी नोंद ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

## १. समोर दिसतंय ते काय, हे आधी ठरवा

ज्वालामुखीच्या प्रदेशात जमिनीच्या भेगांतून खरी वाफ आणि वायू बाहेर पडतात. खाली तापलेला शिलारस असतो. वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असे वायू येतात आणि तोंडाशी तापमान शंभराच्या आसपासपासून कित्येकशे अंशांपर्यंत असू शकतं. भारतात असं काही बघायचं तर अंदमानातलं बॅरन बेट. तिथे उतरायला सर्वसामान्यांना परवानगी नाही, आणि ते बरंच आहे.

कोकणातली गोष्ट वेगळी. सह्याद्री आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात, पालघरच्या कोकनेर-सातिवलीपासून दक्षिणेला राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत, साधारण उत्तर-दक्षिण रांगेत हे झरे आहेत: अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी. इथला काळा बेसॉल्ट खडक ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच गेली. पावसाचं पाणी खोल भेगांतून खाली जातं, जमिनीच्या नेहमीच्या वाढत्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. हे झरे बहुतेक भेगांच्या आणि भ्रंशांच्या (खडक तुटून सरकल्याच्या रेषांच्या) रांगेवर आहेत, ते त्यामुळेच.

मग जानेवारीच्या पहाटे दिसते ती वाफ कसली? ते धुकं. वाफ स्वतः डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते वाफ हवेत थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. खऱ्या वाफेच्या तोंडाशी आधी थोडी स्वच्छ जागा असते आणि वर पांढरा ढग सुरू होतो. कुंडावर मात्र पांढरेपणा पाण्याला चिकटूनच उठतो. तेच कुंड एप्रिलच्या दुपारी बघा: धुकं नाहीसं झालेलं असतं, पाणी तितकंच गरम.

बुडबुडे म्हणजे उकळी हाही गैरसमज आहे. किनाऱ्याजवळ पाणी शंभर अंशांना उकळतं. कोकणातला सर्वांत गरम झरा, उन्हवऱ्याचा, सत्तरच्या आसपास आहे. लडाखच्या पुगा खोऱ्यात ८४ अंशांचं पाणी खरोखर उकळतं, कारण ती जागा चार हजार मीटरहून उंच आहे. उन्हवऱ्यात ८४ अंश मोजले गेले असते तरी उकळी म्हणता आली नसती.

तपासणी: वहीच्या पहिल्या पानावर "वाफ" आणि "उकळी" हे शब्द लिहिले असतील तर खोडा. "धुकं दिसलं, हवेचं तापमान इतकं" आणि "बुडबुडे दिसले" असं लिहा. अर्थ नंतर लावू.

## २. घरची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कुंडावर पोचल्यावर सुधारता येत नाही अशा बहुतेक चुका आदल्या दिवशीच झालेल्या असतात.

तापमापक लांब वायरचा आणि धातूच्या टोकाचा डिजिटल घ्या. तो नसेल तर प्रयोगशाळेतला लाल अल्कोहोलचा, ११० अंशांपर्यंतचा चालेल. पाऱ्याचा तापमापक कुंडावर नेऊच नका. फुटला तर पारा गावाच्या अंघोळीच्या पाण्यात जातो आणि तो परत गोळा करता येत नाही.

ताप बघायची कपाळाकडे रोखायची बंदूक तर अजिबात नको. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूकही पाण्याच्या फक्त वरच्या पापुद्र्याचं तापमान सांगते, आणि तो पापुद्रा बाष्पीभवनाने सतत थंड होत असतो. वर धुकं असेल तर बंदूक धुक्याचंही तापमान मिसळून देते. खाली पाणी साठचं आणि पडद्यावर बावन्न, असा प्रकार यातूनच होतो.

तापमापक घरी दोन ठिकाणी तपासून घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी भरलेल्या पेल्यात तो शून्याजवळ आला पाहिजे, आणि खळखळून उकळणाऱ्या पाण्यात शंभराजवळ. तुम्ही घाटावर राहत असाल तर उकळबिंदू दर ३०० मीटरला साधारण एक अंश उतरतो, हे धरा. पुण्यात तपासलेला तापमापक ९८ दाखवतो म्हणून तो बिघडलेला नसतो. जो फरक निघेल तो पट्टीवर लिहून तापमापकालाच चिकटवा.

पीएचचा पेन वापरणार असाल तर ७ आणि ९.२ या दोन बफरांत (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांत) तो जुळवून घ्या. ४ आणि ७ मध्ये जुळवण्याची सवय असते, पण इथलं पाणी बहुधा उदासीन ते किंचित अल्कधर्मी असतं. मोजायचं त्या बाजूला जुळवलं पाहिजे. विद्युतवाहकतेचा पेनही बरोबर घ्या. दोन्ही पेनांच्या खोक्यावर कमाल तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. स्वस्त पेन पन्नास-साठ अंशांपुढे खराब होतात आणि खराब झाल्याचं सांगत नाहीत, नुसते चुकीचे आकडे देत राहतात.

बाकी सामान: घट्ट झाकणाच्या पॉलिथिनच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, १०० मिलिलिटरची एक छोटी बाटली, मोजनळी, ऊर्ध्वपातित पाणी, ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर आणि सिरिंज, प्लॅस्टिकचं फनेल, पारदर्शक अरुंद तोंडाची बाटली आणि बूच, चुन्याची ताजी निवळी, लेड ॲसिटेटचा कागद, १० लिटरची बादली, जाड रबरी हातमोजे, बांबूची काठी, सुतळी, पाण्याने न पसरणारी शाई. बाटलीवरची चिठ्ठी घरीच लावा; ओल्या बाटलीला काही चिकटत नाही. आणि कोल्ड्रिंकची रिकामी बाटली कितीही विसळली तरी नमुन्याला चालत नाही.

इशारा: नायट्रिक ॲसिड एसटीत घेऊन जाऊ नका. धातूंच्या तपासणीसाठी ते लागतं, पण त्याची वेगळी सोय सहाव्या टप्प्यात आहे.

## ३. कधी जायचं

पावसाळ्यात जाऊन काही उपयोग नाही. वरचं थंड पाणी झऱ्यात मिसळतं, कुंडाला लागून असलेला ओढा किंवा नदी चढते, आणि तुम्ही मोजता ते मिश्रण असतं. अकलोली-गणेशपुरीचे झरे तानसा नदीच्या काठाला आणि पात्रात आहेत. तिथे पुराच्या दिवसांत मूळ झरा दिसतही नाही. फेब्रुवारी ते मेचा मध्य हा बरा काळ. एकच भेट शक्य असेल तर एप्रिल.

महाडच्या सवसारख्या नदीकाठच्या आणि खाडीला जवळ असलेल्या जागी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीला जा आणि दोन्हींच्या वेळा वहीत लिहा. यात्रेचे आणि सणाचे दिवस टाळा.

दिवसातली वेळ पहाटेची. कारण अंघोळी. साडेसात-आठनंतर साबण, शॅम्पू, तेल आणि कपडे धुण्याची पावडर पाण्यात उतरलेली असते, आणि तुमच्या नमुन्यातला सोडियम नक्की कुठला हे मग कोणीच सांगू शकत नाही.

## ४. पोचल्यावर आधी विचारा, मग मूळ शोधा

बहुतेक कुंडं देवस्थानाजवळ आहेत. पुजाऱ्यांना किंवा ग्रामपंचायतीत काय करणार ते साध्या भाषेत सांगा: पाण्यात काही टाकणार नाही, दोन-तीन लिटर पाणी नेणार आहे. चपला बाहेर. पुष्कळ ठिकाणी बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं असतं. दोन्ही मोजायची तर गटात दोघंही असली पाहिजेत. गावातल्या वयस्कर माणसांना एक प्रश्न जरूर विचारा: "हौद बांधायच्या आधी पाणी कुठून फुटायचं?" सिमेंटच्या खाली नेमका झरा कुठे दडलाय, हे त्यांनाच माहीत असतं. राजापूरला असाल तर कशाची नोंद घेताय ते स्पष्ट करा. उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड बारमाही आहे. राजापूरच्या गंगेची १४ कुंडं अधूनमधून प्रकटणारी आहेत. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात घालणारे लोक आहेत.

मूळ म्हणजे पाणी खडकातून किंवा वाळूतून पहिल्यांदा बाहेर येतं ती जागा. तिथे बारीक वाळू नाचताना दिसते, बुडबुड्यांची माळ एकाच ठिकाणाहून उठते, आणि शेवाळ कमी असतं. शेवाळाचा एक उपयोग आहे: प्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव साधारण ७३ अंशांपुढे टिकत नाहीत. झऱ्याच्या तोंडाशी हिरवा थर दिसत असताना कोणी ८० अंश मोजल्याचं सांगितलं, तर तापमापक पुन्हा तपासायला सांगा. त्या हिरव्या थरावर पाय मात्र देऊ नका.

इशारा: साठ अंशांच्या पाण्यात काही सेकंदांत खोल भाजतं, सत्तरला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. कडेला एकटं वाकू नका. मूळ कोंदट खोलीत किंवा विहिरीसारख्या खड्ड्यात असेल तर आत डोकं घालू नका. बुडबुड्यांतला वायू प्राणवायूची जागा घेऊ शकतो, आणि त्याला वास असेलच असं नाही. सडक्या अंड्यासारखा वास येत होता आणि अचानक थांबला, तर वायू गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड फार झाला की नाकच बधिर होतं. बाहेर या.

## ५. तापमान

पाणी अजून कोणी ढवळलेलं नाही, म्हणून हे पहिलं. तापमापकाचं टोक काठीला सुतळीने बांधा, मुळाच्या तोंडात दहा-पंधरा सेंटिमीटर आत जाऊ द्या, खडकाला टेकवू नका. आकडा थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबा. आकडा टोक पाण्यात असतानाच वाचा. काचेचा तापमापक वर काढून डोळ्यांजवळ आणला की तेवढ्यात तो दोन-तीन अंश उतरतो, आणि ही चूक इतकी सर्रास होते की जुन्या वह्यांतले काही आकडे त्यामुळेच कमी असावेत असं मला वाटतं.

तीन वेळा मोजा. आकडे अर्ध्या अंशाच्या आत आले तर सरासरी लिहा. नाही आले तर तुम्ही मुळावर नाही, थोडं सरका. मग अंघोळीच्या हौदाचं तापमान वेगळं लिहा, सावलीतल्या हवेचं वेगळं, आणि जवळच्या नेहमीच्या विहिरीचंही. विहिरीचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात असतं. त्याची पुढे गरज आहे.

अंडं टाकून बघण्याची हौस अनेकांना असते. पांढरं साठच्या थोडं वर घट्ट व्हायला लागतं, बलक पासष्टच्या पुढे. म्हणजे अंड्यावरून कुंड "साठच्या वर की खाली" एवढं कळतं, आणि टरफलं मागे राहतात. तापमापक आणलाय ना?

तपासणी: तुरळचा झरा साठीच्या आसपासचा, उन्हवऱ्याचा सत्तरच्या, उन्हाळे गावचा चाळिशीतला. तुमचा आकडा यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी असेल तर बहुधा तुम्ही हौद मोजलाय.

## ६. पाण्याचा नमुना

तापमानानंतर लगेच, बुडबुड्यांना हात लावण्याआधी. फनेल घातलं की गाळ उठतो आणि फिल्टर दोन मिनिटांत तुंबतो.

हातमोजे घाला. बाटली झऱ्याच्या पाण्याने तीन वेळा खंगाळा आणि ते पाणी मुळापासून दूर ओता. मग बाटली तोंडापर्यंत बुडवून, आत हवा न ठेवता भरा आणि पाण्याखालीच झाकण लावा.

पहिली बाटली तशीच: क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट यांसाठी. दुसरी फिल्टर करून: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमसाठी. या दुसरीत ॲसिड लागतं. ते त्याच दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या हातून घालून घ्या आणि निदान २४ तास ठेवून मग तपासा. कोणी आधीच ॲसिड घातलेली बाटली दिली असेल, तर ती खंगाळायची नाही. सवयीने खंगाळली जाते आणि ॲसिड ओढ्यात जातं.

छोटी बाटली सिलिकाची (खडकातून पाण्यात उतरणाऱ्या, वाळूतल्याच घटकाची), आणि हीच सगळ्यात जास्त वेळा चुकते. गरम पाण्यात विरघळलेली सिलिका पाणी थंड झालं की एकमेकींना चिकटू लागते आणि नेहमीच्या रंगाच्या चाचणीत मोजलीच जात नाही. म्हणून जागेवरच १० मिलिलिटर फिल्टर केलेलं गरम पाणी आणि ९० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळा. बाटलीवर मोठ्या अक्षरात "दहापट विरळ" असं लिहा. काच नको, काचेतच सिलिका आहे.

शेवटची बाटली विहिरीच्या साध्या पाण्याची. ती नसेल तर बाकीच्या आकड्यांना तुलना नाही.

## ७. पीएच आणि विद्युतवाहकता

पीएच घरी नेऊन मोजायचा नाही. वाटेत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो. पण पेन गरम पाण्यात बुडवायचाही नाही. मधला रस्ता असा: बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा, साध्या पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवा, तिशीवर आली की उघडून लगेच पेन बुडवा. वाहकता त्याच पाण्यात. ज्या तापमानाला मोजलं तेही लिहा.

पेन "टीडीएस" (विरघळलेले एकूण क्षार) दाखवत असेल तर तो मोजतो वाहकताच आणि आतल्या आत एका ठरावीक आकड्याने गुणतो. हा गुणक कंपनीगणिक वेगळा असतो. दोन गटांच्या टीडीएसमधला फरक कित्येकदा झऱ्याचा नसून पेनाचा असतो. वाहकताच लिहा.

## ८. बुडबुडे

अरुंद तोंडाची बाटली झऱ्याच्याच पाण्याने पूर्ण भरा, पाण्याखाली उलटी धरा, तोंडात फनेलची नळी घाला आणि फनेल बुडबुड्यांच्या माळेवर आणा. वायू चढेल तसं पाणी खाली उतरेल. तीन चतुर्थांश भरली की पाण्याखालीच बूच लावा. एकदा वर उचलली की आत हवा शिरते, आणि पुढची प्रत्येक चाचणी हवेची होते.

गरम पाण्यात हे उघड्या हाताने होत नाही. फनेल काठीला बांधा.

आता चुन्याची निवळी थोडी आत ओतून हलवा. दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड आहे. लेड ॲसिटेटचा ओला कागद तपकिरी-काळा पडला तर हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही नाही झालं तर प्रयोग फसला असं समजू नका. कोकणात हेच अपेक्षित आहे. इथल्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो. पावसाचं पाणी हवा विरघळवून खाली जातं, वाटेत खडकातलं लोह आणि सूक्ष्मजीव त्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, नायट्रोजन आणि आर्गॉन उरतात, आणि वर येताना दाब कमी झाला की सुटतात. त्यात थोडा हेलियमही सापडतो, तो खडकांतल्या युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून. ज्वालामुखीच्या तोंडावरच्या वायूत पाण्याच्या वाफेनंतर कार्बन आणि गंधकाचे वायू जास्त असतात. अगदी सुरुवातीच्या वाक्यातल्या "ज्वालामुखी" शब्दाला खरं उत्तर या बाटलीत मिळतं.

जळती काडी बाटलीत घालून विझते का बघणं निरर्थक आहे. नायट्रोजनमध्येही विझते, कार्बन डायऑक्साइडमध्येही. आणि कधी मिथेन निघाला तर पेट घेईल.

## ९. विसर्ग

विसर्ग म्हणजे झऱ्यातून मिनिटाला किती पाणी बाहेर पडतं ते. हे शेवटी, कारण यात सगळ्यात जास्त पाणी हलतं. पन्हाळीखाली बादली धरा, मोबाइलवर वेळ लावा, तीनदा मोजा. १० लिटर ८ सेकंदांत भरले तर मिनिटाला ७५ लिटर. पाणी दोन-तीन तोंडांतून जात असेल तर प्रत्येकाचं मोजून बेरीज करा. सिमेंटच्या भेगेतून झिरपणारं मोजता येत नाही, तेवढं लिहून ठेवा. कुंडाला पन्हाळीच नसेल, पाणी सगळीकडून पाझरत असेल, तर अंदाजाने आकडा टाकू नका. रकाना रिकामा सोडा.

## १०. वही

जागेवरच पूर्ण करा. तारीख, वेळ, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का, भरती की ओहोटी, मुळाचं वर्णन, कुठलं उपकरण आणि त्याची दुरुस्ती किती. एक फोटो मुळाचा, शेजारी पट्टी ठेवून. पांढरा थर दिसला तर थोडी पूड काढून तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळा: फेस आला तर कार्बोनेट, नाही आला तर सिलिका किंवा नुसतं मीठ. मीठ पाण्यात विरघळतं, सिलिका नाही. चाखून बघू नका.

पाणी पिऊ नका, हेही इथेच. खोल पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपुढे असू नये. पंचेचाळीस अंशांखालच्या हौदात अंघोळ करणार असाल तर नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट पाण्यात वाढणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो; असं क्वचितच होतं, पण झालं तर माणूस बहुधा वाचत नाही.

## ११. आकडेमोड

नमुने कॉलेजच्या किंवा जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारून द्या. सिलिकाची चाचणी वेगळी मागावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या यादीत ती बहुधा नसते.

सिलिकावरून पाणी खाली किती तापलं होतं, याचा अंदाज येतो. क्वार्ट्झचं (स्फटिकरूपातल्या सिलिकेचं) सूत्र: ५.१९ मधून सिलिकेचा (मिलिग्रॅम प्रति लिटर) दहाच्या पायाचा लॉग वजा करा, त्या उत्तराने १३०९ ला भागा, आलेल्या आकड्यातून २७३ वजा करा. समजा सिलिका १०० आली. लॉग २, वजाबाकी ३.१९, भागाकार ४१०, उत्तर १३७ अंश. अशा मध्यम तापमानाला पाणी क्वार्ट्झऐवजी कॅल्सिडनीशी (सिलिकेच्याच अतिबारीक कणांच्या रूपाशी) समतोलात असण्याची शक्यता जास्त. तिचं सूत्र तसंच आहे, फक्त १३०९ च्या जागी १०३२ आणि ५.१९ च्या जागी ४.६९. उत्तर ११० अंश. दोन्ही लिहा आणि कुठलं का मानलं ते सांगा. मी बेसॉल्टमधल्या झऱ्यांसाठी कॅल्सिडनीकडे झुकतो.

तपासणी: प्रयोगशाळेने विरळ नमुन्याचा आकडा १० दिला आणि तुम्ही दहाने गुणायला विसरलात, तर क्वार्ट्झचं उत्तर ३९ अंश येईल. वर ६० अंशांचं पाणी आणि खाली ३९, हे होऊ शकत नाही. उत्तर झऱ्याच्या तापमानापेक्षा कमी आलं की आधी गुणाकार बघा.

दुसरा धोका मिश्रणाचा. १०० सिलिकेच्या दोन भाग पाण्यात विहिरीसारखं ३० सिलिकेचं एक भाग पाणी मिसळलं, तर ७७ होते आणि क्वार्ट्झचं १३७ चं उत्तर १२३ वर येतं. विहिरीची बाटली यासाठी होती. मॅग्नेशियमही बघा: गरम पाण्यातलं मॅग्नेशियम खडकातल्या चिकणमातीत जातं आणि फार कमी उरतं. ते जास्त निघालं तर थंड पाणी मिसळलंय.

खाडीजवळच्या खारट झऱ्याला सरसकट "समुद्राचं पाणी" म्हणण्याआधी हीच चाचणी लावा. समजा झऱ्यात क्लोराइड ५०० आणि विहिरीत २० मिलिग्रॅम आहे. समुद्रात ते सुमारे १९,००० असतं, म्हणजे अडीच टक्के समुद्राचं पाणी पुरेल. पण तेवढ्या समुद्राच्या पाण्याबरोबर मॅग्नेशियमही तिसेक मिलिग्रॅम आलं पाहिजे. तुमच्याकडे एक-दोन निघालं, तर ताजं समुद्राचं पाणी मिसळलेलं नाही. क्षार खोल पाण्याचेच आहेत, आणि ते तिथे कसे आले हा वेगळा प्रकल्प आहे.

खोलीचा अंदाज: जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात. वरचं २७ धरलं आणि खालचं ११०, तर सुमारे तीन किलोमीटर. हा ढोबळ आकडा आहे, दशांश चिन्हानंतर काही लिहू नका.

शेवटी उष्णता. मिनिटाला ७५ लिटर म्हणजे सेकंदाला १.२५ किलो, त्याला ४.२ ने आणि ६० वजा २७ म्हणजे ३३ ने गुणा. १७३ किलोवॅट. घरातले दोन किलोवॅटचे ८६ गीझर दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं. हा आकडा वार्षिक नोंदीत तापमानापेक्षा उपयोगी पडतो, कारण तापमान तेच राहून विसर्ग अर्धा झाला, जसं शेजारी बोअर मारल्यावर होऊ शकतं, तर ते इथेच दिसतं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच मुळावर, त्याच तापमापकाने जा. तापमापक बदलला असेल तर जुना-नवा एकाच पेल्यात बुडवून दोघांतला फरक आधी लिहून ठेवा.